लुकलुकणाऱ्या पडद्याचा हिशेब

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला लागून असलेले मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव आता केवळ शेतीचे राहिलेले नाही. उंच इमारती, त्यांच्या तळमजल्यावर किराणा, कापड, हार्डवेअरची दुकाने आणि वरच्या मजल्यांवर घरूनच कार्यालयाचे काम करणारी तरुण पिढी, असे तेथील चित्र आहे. दुकानात बिलासाठी एक संगणक आणि घरात मुलाच्या किंवा सुनेच्या नोकरीसाठी दुसरा, ही स्थिती अनेक व्यापारी कुटुंबांत आढळते. अशा घरात एखाद्या दिवशी मॉनिटरचा पडदा लुकलुकू लागतो. मुलगा म्हणतो, "पप्पा, चार वर्षे झाली, आता नवाच घेऊ." वडिलांचा आग्रह असतो, "आधी उघडून तर बघ!" दोघेही आपापल्या परीने घाई करीत असतात. नवा घेण्यापूर्वी आणि उघडण्यापूर्वीही दोष नेमका कोठे आहे, हे ठरविणे आवश्यक असते.

व्यापारी माणसाला हिशेबाची भाषा लवकर उमजते. आयकराच्या नियमानुसार संगणकावर घटत्या शिलकीच्या पद्धतीने दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो. १०,००० रुपयांच्या खरेदीची शिल्लक पहिल्या वर्षअखेरीस ६,०००, दुसऱ्या वर्षी ३,६००, तिसऱ्या वर्षी २,१६० आणि चौथ्या वर्षी १,२९६ रुपये उरते. वहीतला हा आकडा पाहून वस्तू संपली असे वाटू लागते. परंतु घसारा ही करआकारणीची सोय आहे. त्यावरून वस्तूचे आयुष्य ठरत नाही. वहीत संपलेला मॉनिटर टेबलावर आणखी अनेक वर्षे निष्ठेने काम करू शकतो. शिवाय धंद्यातील यंत्राच्या किरकोळ दुरुस्तीचा खर्च सामान्यतः त्याच वर्षीच्या महसुली खर्चात जातो, ही बाबही विसरू नये.

आता दोषाचा शोध. पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली असलेले बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू पडद्यावर आणावा. हा मेनू मॉनिटर स्वतः तयार करतो. त्याचा संगणकाशी संबंध नसतो. मागचे चित्र लुकलुकत असताना मेनू स्थिर राहिला, तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा संगणकात असतो. मेनूही लुकलुकला, तर दोष मॉनिटरमध्ये किंवा त्याच्या वीजजोडणीत आहे, असे समजावे.

मेनू स्थिर असल्यास प्रथम केबल पाहावी. दोन्ही यंत्रे बंद करून ती दोन्ही टोकांनी काढावी आणि पुन्हा नीट बसवावी. जुन्या व्हीजीए केबलला दोन स्क्रू असतात, ते आवळावेत. एचडीएमआय केबलला स्क्रू नसल्याने टेबल सरकले, झाडू लागला, की ती सैल होते. शेजारच्याकडून दुसरी केबल तासभर आणून लावून पाहिली, तर शंका उरत नाही. त्यानंतर संगणकाकडे वळावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. सगळे लुकलुकत असताना तेवढी खिडकी स्थिर राहिली, तर एखादा प्रोग्राम दोषी असण्याचा संभव असतो. तीही लुकलुकली, तर डिस्प्ले ड्रायव्हर तपासावा. सेटिंगमधील रिफ्रेश रेट मॉनिटरला मानवेल एवढाच, म्हणजे सामान्यतः ६० हर्ट्झ, आहे ना, हेही पाहावे.

मेनूसुद्धा लुकलुकत असेल, तर वीजजोडणी पाहावी. अशा वेळी लिफ्टला किंवा सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला दोष देण्याची रीत आहे. पण मॉनिटरच्या मागील पट्टी वाचली, तर बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असा आवाका छापलेला दिसतो. दाब थोडा कमी-अधिक झाला, तरी असे यंत्र तो सांभाळून घेते. खरा दोष पुष्कळदा सैल प्लगमध्ये किंवा चार पिना खोचलेल्या जुन्या एक्स्टेंशन बोर्डात सापडतो. मॉनिटर थेट भिंतीतील सॉकेटला जोडून पाहावा. ब्राइटनेसही वाढवून पाहावा. काही मॉनिटर प्रकाश मंद करण्यासाठी मागचे एलईडी दिवे अतिवेगाने बंद-चालू करतात आणि संवेदनशील डोळ्यांना ते जाणवते.

येथपर्यंतची सारी तपासणी एकही पेचकस न घेता, विनाखर्च होते. घरच्या माणसाने येथेच थांबावे.

त्यापुढचा दोष बहुधा आतल्या पॉवर सप्लायमध्ये असतो. तेथील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. त्यांचे तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले, की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. ज्याचा माथा फुगला, तो निकामी झाला. हा सुटा भाग काही रुपयांना मिळतो. पण त्याच्याच शेजारी २३० व्होल्टची वीज एकदिश होऊन ३०० हून अधिक व्होल्टने साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकून राहू शकते. जुन्या, ट्यूबच्या प्रकाशाच्या एलसीडीत इन्व्हर्टरचा उच्च दाब असतो, तर त्याहून जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये तो हजारो व्होल्टचा असतो. काही रुपयांची बचत करण्यासाठी घरच्या मुलाचा हात तेथे घालू देणे ही काटकसर नव्हे. हे काम जाणकार कारागिराचे आहे. तत्पूर्वी खरेदीचे बिल काढून वॉरंटी शिल्लक आहे का, हे पाहावे. पाठ उघडली, की ती बहुधा संपते.

दुरुस्तीचा विचार आता केवळ घरापुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले. सुटे भाग, सेवा केंद्रे आणि वॉरंटी यांची माहिती ग्राहकाला एकत्र मिळावी, हा त्यामागील हेतू आहे.

तरीही एखादा मॉनिटर खरोखरच संपतो. मग तो माळ्यावर टाकणे किंवा भंगारवाल्याला किलोच्या भावाने देणे, हे दोन्ही मार्ग योग्य नव्हेत. जुन्या एलसीडीच्या ट्यूबमध्ये पारा असतो, काचेच्या नळीत शिसे असते. तारा उघड्यावर जाळून तांबे काढले, की त्याचा विषारी धूर आणि राख माणसालाच काय, मातीतल्या जिवालाही सोडत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली असून असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावा, अशी व्यवस्था केली आहे. भंगाराचे चार पैसे कमी मिळाले, तरी तोच मार्ग धरावा.

जैन परंपरेने साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी चौथी आदान-निक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगायची सावधानता. पाचवी उत्सर्ग समिती, म्हणजे त्याज्य गोष्ट टाकतानाची सावधानता. श्रावकासाठी परिग्रह-परिमाणाचे व्रत आहेच. चातुर्मासात नव्या खरेदीची मर्यादा घेणारी कुटुंबे आजही आहेत. परंतु घरात किती वस्तू आल्या याबरोबरच आलेली वस्तू किती काळ सांभाळली आणि शेवटी कोठे गेली, हेही पाहिले, तर ती मर्यादा अधिक सार्थ होईल. पुढच्या वेळी पडदा लुकलुकला, की आधी मेनूचे बटण दाबावे, मग केबल पाहावी, आणि त्यानंतरच दुकानाची वाट धरावी.