आधी मोजा, मग खोला

जुन्या गाड्यांच्या दुनियेत एक दुखणे वारंवार दिसते. इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधले जाते, बोअर मारून नवे पिस्टन आणि रिंगा बसतात, हेडला प्लेन मारले जाते, आणि पहिल्याच लांबच्या फेरीत तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. मग सुरू होते ती अदलाबदल. आज थर्मोस्टॅट काढून टाकायचा, उद्या वॉटर पंप बदलायचा, परवा रेडिएटर, आणि एवढे करूनही गाडी तापलीच तर हेड पुन्हा उतरवायचे. इंजिन तापण्याचे कारण इंजिनाच्या आसपासच कुठेतरी असते, यात शंका नाही. पण ते कारण महिनोन्‌महिने सापडत नाही, याचे मूळ आपल्या व्यवहारात आहे. आपण गॅरेजला सुटा भाग बदलण्याचे पैसे देतो, दोष शोधण्याचे देत नाही. ज्या कामाला मजुरी नाही ते काम होत नाही. म्हणून जुने इंजिन खोलण्याआधी मोजमाप झालेच पाहिजे, आणि त्या मोजमापाची मजुरी मालकाने स्वतंत्र दिली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न मूठभर हौशी लोकांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, हा महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचा चालता-बोलता पुरावा आहे. तिचे १०८९ सीसीचे इंजिन मूळ इटालियन फियाट ११०० चे: ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सीच्या सेवेतून बाद झाली, आणि तिचे उत्पादन तर त्याच्याही बरेच आधी थांबले होते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘विंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली, तीही वाहनाची चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असतील तरच. अशा गाडीचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड तापून वाकले की त्याला प्लेन मारावे लागते. दर वेळी गेलेला धातू परत येत नाही, ज्वलनाची जागा आक्रसते, कॉम्प्रेशन वाढते आणि इंजिन ठोकू लागण्याचा धोका बळावतो. चुकीच्या निदानाची किंमत इथे पैशांत मोजून संपत नाही. मूळ भाग कायमचा हातचा जातो.

मोजमापाची सुरुवात अगदी साध्या हिशोबाने होते. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग कूलंटमधून बाहेर टाकावा लागतो. हा उष्णतेचा जमाखर्च आहे. जमा वाढली असेल किंवा खर्च घटला असेल, तरच काटा चढतो. यातले नेमके काय झाले, हे गाडी कधी तापते यावरून बरेचसे कळते. सिग्नलला उभी असताना तापते आणि वेग घेताच निवळते, तर संशय फॅन, सैल बेल्ट किंवा फॅनभोवतीच्या आवरणावर जातो. गावात ठीक चालते आणि महामार्गावर ताशी ७०-८० च्या वेगाला तापते, तर रेडिएटरच्या तुंबलेल्या नळ्या, थकलेला पंप, आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होजपाइप किंवा चुकलेले टायमिंग पाहावे. करंट उशिरा पडत असेल तर पेट्रोल उशिरा जळते आणि कामाला न आलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतींवर आणि एक्झॉस्टवर येते. इंजिन नव्याने बांधताना डिस्ट्रिब्युटर एक दाता इकडेतिकडे बसला, तर रेडिएटर कितीही चांगला असला तरी गाडी तापणार. हे शोधायला टायमिंग लाइट आणि दहा मिनिटे पुरतात.

त्याआधी काट्याचीच साक्ष तपासायला हवी. विजेवर चालणाऱ्या मीटरचा सेन्सर ब्लॉकमधून किंवा हेडमधून अर्थ घेतो. नव्या रंगाचा थर, आट्यांवर गुंडाळलेली टेप किंवा दुसऱ्याच गाडीचा सेन्सर एवढ्या कारणानेही काटा खोटे बोलतो. सेन्सर आणि थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात, शेजारी थर्मामीटर धरून तापवले की दोघांचेही खरे-खोटे होते. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटचे घर, रेडिएटरची वरची टाकी आणि खालची टाकी यांचे तापमान घ्यावे. मात्र चकचकीत पितळेवर हे उपकरण कमी आकडा दाखवते, म्हणून मोजायच्या जागी काळ्या मॅट रंगाचा ठिपका हवा. वरच्या आणि खालच्या टाकीत फारच मोठा फरक असेल तर पाणी पुरेसे फिरत नाही. फरक नगण्य आणि दोन्ही टाक्या तापलेल्या असतील, तर रेडिएटर हवेला उष्णता देत नाही. झाकणही तपासावे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, पुण्याच्या उंचीवर सुमारे ९८ ला, आणि ७ पौंडांचा दाब धरणारे झाकण हीच मर्यादा दहा-बारा अंशांनी वर नेते. झाकणाची स्प्रिंग गेलेली असेल तर इंजिनात कसलाही दोष नसताना गाडी उकळते.

नव्याने बांधलेल्या इंजिनाचे काही दोष मात्र खास त्याचेच असतात. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, शेवटच्या सिलिंडरभोवती, वर्षानुवर्षांचा गंज चिखलासारखा साचतो. ब्लॉक वरवर धुऊन दिला तर तो तसाच राहतो, म्हणून कोअर प्लग काढून तारेने आणि पाण्याच्या दाबाने ती जागा मोकळी करावी लागते. गॅस्केट उलटे बसल्यास पाण्याची भोके बंद होतात. पाणी भरताना आत हवा अडकून राहते. आणि गॅस्केट नीट दाबले गेले नसेल तर जळता वायू थेट पाण्यात शिरतो. या शेवटच्या दोषाची परीक्षा डोळ्यांनी पाहण्याजोगी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना फॅन बेल्ट काढावा, म्हणजे पंप फिरत नाही. रेडिएटर काठोकाठ भरावा, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे. पाणी अजून गारच असताना पहिल्या मिनिटाच्या आत बुडबुड्यांची माळ सलग वर येऊ लागली, तर ते बुडबुडे उकळण्याचे असूच शकत नाहीत. हेड उतरवायला हा पुरावा पुरेसा आहे. तो नसताना हेड उतरवणे हा जुगार आहे.

यावर पहिला आक्षेप असा की नवे इंजिन घट्ट असते, ते थोडे तापणारच. हे अर्धेच खरे आहे. नव्या रिंगांच्या घर्षणाने पहिले काही शे किलोमीटर तापमान काही अंशांनी जास्त राहते. पण घर्षणामुळे चांगली गाडी उकळत नाही, आणि ‘चालली की सुटेल’ असे म्हणून मालकाला महिनाभर घरी पाठवणे म्हणजे त्या महिन्यात हेड वाकू देणे आहे. दुसरा आक्षेप हवामानाचा. रेडिएटर किती उष्णता फेकतो हे पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरते. कूलंट ९० अंशांवर असताना ३० अंशांच्या हवेत हा फरक ६० भरतो, नागपूरच्या ४२ अंशांत ४८. म्हणजे क्षमता पाचव्या हिश्शाने घटते. ही घट खरी आहे, पण मूळ रचनेत तिला वाव होता. हीच पद्मिनी मुंबईच्या कोंडीत, मे महिन्याच्या दुपारी, दशकानुदशके टॅक्सी म्हणून धावली. तिला जमले ते नव्याने बांधलेल्या इंजिनाला जमत नसेल, तर दोष उन्हाळ्याचा नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय तर जवळजवळ रूढीच झाला आहे. त्याने कधी कधी काटा खाली येतो, आणि नेमके म्हणूनच तो फसवा आहे. थर्मोस्टॅट अडकलेला होता, तर नवा बसवणे हा उपाय. रेडिएटर तुंबलेला होता, तर दोष तसाच राहतो आणि चढाला पुन्हा डोके वर काढतो. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सकाळी बराच वेळ थंड चालते, पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि नुकत्याच मारलेल्या बोअरची झीज वाढते. ‘पाणी फार जोरात पळते, त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’ हे स्पष्टीकरणही चुकीचे आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असते, आणि प्रवाह वाढल्याने रेडिएटर कमी उष्णता फेकत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ज्या मिस्त्रीचे आयुष्य या इंजिनांवर गेले, त्याला थर्मामीटर कशाला हवा? असा हात आणि कान मला खरोखर मोलाचा वाटतो, कारण आधी काय मोजायचे हे त्यालाच कळते. पण बोटाला ‘फार गरम’ एवढेच समजते. ८८ अंश आणि १०४ अंश बोटाला सारखेच चटका देतात, आणि इंजिनाचे आयुष्य याच फरकावर ठरते. उपकरणे महाग असतात असेही म्हणता येणार नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर, टायमिंग लाइट आणि प्रेशर टेस्टर मिळूनही इंजिन दुसऱ्यांदा उतरवण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतात. महाग असतो तो मिस्त्रीचा वेळ, आणि आज तो आपण फुकट मागतो. अर्धा दिवस शोधून त्याने पन्नास रुपयांचा बेल्ट ताणून दिला, तर आपण कुरकुरतो. तोच नवा रेडिएटर बसवून देतो तेव्हा बिनतक्रार पैसे मोजतो. मग त्याने शोधत का बसावे?

जुन्या गाडीच्या मालकांना माझे सांगणे एवढेच आहे. गाडी तापली तर आधी निदानाची मजुरी ठरवा. कोणत्या वेगाला, किती बाहेरच्या तापमानाला, कुठे किती अंश भरले, हे कागदावर लिहून मागा. एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या आणि बदलल्यावर पुन्हा मोजून घ्या. हेड उतरवण्याआधी बुडबुड्यांची परीक्षा स्वतः उभे राहून पाहा. पद्मिनीचे हेड आता कोणताही कारखाना नव्याने ओतून देणार नाही. जे उरले आहे ते टिकवायचे असेल, तर पान्याला हात घालण्याआधी आकडा हातात असलाच पाहिजे.