पोपटपंची आणि प्रवास

मध्ययुगातला ज्यू म्हणजे मसीहाची वाट पाहत हातावर हात ठेवून बसलेला माणूस, हे आपल्याकडे इतक्यांदा लिहून झाले आहे की ते तपासण्याची तसदी आता कोणी घेत नाही. पुराव्यादाखल यहुदा हालेवीला हटकून उभे केले जाते. स्वप्नाळू कवी स्पेन सोडून निघाला आणि जेरुसलेमच्या वेशीशी विलापगीत गात असता अरब घोडेस्वाराच्या टापांखाली चिरडला गेला. झाले! भोळ्या आशेची गत अशीच व्हायची, असे म्हणायला लेखक मोकळा.

ही कथा आढळते ती १५८७ साली छापलेल्या ग्रंथात. कवीला जाऊन तेव्हा साडेचारशे वर्षे होत आली होती. शिवाय ११४१ साली जेरुसलेम ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या ताब्यात होते. त्यांच्या वेशीत अरब स्वार घोडा उधळीत होता, हे कोणाला पटावे?

कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांत हालेवीच्या मित्रमंडळींची पत्रे सापडली आहेत. ही मंडळी व्यापारी. त्यांतला हल्फोन तर हिंदुस्थानाशी व्यापार करणारा. त्यांच्या लेखी हालेवी म्हणजे एक अडलेला उतारू. ११४० च्या सप्टेंबरात अलेक्झांड्रियाला उतरलेला हा साठीच्या आसपासचा वैद्य पुढल्या मे महिन्यात जहाजावर चढतो आणि पश्चिमेचा वारा सुटेना म्हणून बंदरातच दिवस काढतो. याला हातावर हात ठेवणे म्हणायचे काय?

आणि बसून राहण्यावर त्याच्याइतका कडक प्रहार केला आहे कोणी? त्याच्या ‘कुझारी’त राजा ज्यू पंडिताला खडसावतो: त्या भूमीसाठी एवढ्या प्रार्थना करता, मग तिकडे जात का नाही? पंडित ओशाळतो; आमच्या प्रार्थना ही पोपटपंचीच, असे कबूल करतो. ग्रंथाच्या शेवटी तो जेरुसलेमला जायचे ठरवतो. कवीही निघाला.

मसीहाच्या तारखा काढणारे होतेच. त्यांना मैमोनिदीसने फटकारलेही. पण म्हणून सारी जमात ज्योतिषी ठरत नाही. १२६३ साली बार्सिलोनाच्या वादसभेत नाहमानिदीसने राजासमक्ष सांगितले, की मसीहा हा आमच्या धर्माचा पाया नव्हे. चार वर्षांनी, सत्तरी उलटल्यावर, तोच जेरुसलेमला पोहोचला. तिथे त्याला ज्यू म्हणून भेटले ते रंगाऱ्याचा धंदा करणारे दोघे भाऊ. त्याने संगमरवरी खांबांचे एक पडके घर शोधून तिथे सिनेगॉग थाटले आणि शेकेमला हलवलेल्या धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या परत मागवल्या.