बोटुकली सोडण्याआधी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बेत शिजला : आजोबांच्या स्मरणार्थ शिरगावला पवनेत महाशीरची बोटुकली सोडायची. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी एकटीनेच 'नको' लिहिलं आणि वाईटपणा घेतला. म्हणून हा खुलासा.

महाशीर आपलाच मासा, मान्य. साइक्ससाहेबाने १८३९ साली 'खुद्री' नावाने त्याचं वर्णन केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. पवना मुळेलाच मिळते. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते 'आपलाच' या शब्दात. लोणावळ्याला वळवणला टाटा पॉवरने सत्तरच्या दशकात महाशीरची पैदास सुरू केली. मासा संपत चालला होता, तेव्हा ते काम मोठंच होतं, त्याला नमस्कार. पण तिथली बोटुकली देशभर गेली, कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, पन्नास किलोपर्यंत वाढणारा. गळ टाकणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी सांगतात की आपला निळ्या परांचा मासा वाढत गेला आणि कुबडवाला दिसेनासा झाला. धरणं, वाळूउपसा, चोरटी मासेमारी हेही होतंच. पण पाहुणा आपण पाठवला होता. कुबडवाल्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं २०१८ साली, तोवर तो नामशेष व्हायच्या काठावर होता. बारसं आणि बारावं एकदमच!

जात तीच असली तरी धोका टळत नाही. पैदास केंद्रातली हजारो पिल्लं मोजक्या आईबापांची. ती एका नदीत ओतली की तिथल्या पुराशी, पाण्याशी पिढ्यान् पिढ्या जुळवून घेतलेलं मूळ रक्त पातळ होतं. उद्या रोग आला की सगळे एकाच दमात जायचे. मावळच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आंबेमोहोराची खाचरं कमी झाली म्हणून भात संपला नाही, भरपूर पिकला. वाण गेला.

आपण मात्र आकडा मोजतो. किती सोडले, किती किलो, फोटोत कोण कोण. कुठल्या नदीचे, कुणाची पिल्लं, हे कुणी विचारत नाही.

दादा, काका, रागावू नका. आजोबांसाठी काही करायचंच असेल, तर आपल्या वाड्यामागच्या ओढ्यात मोरीचं पाणी सोडणारा पाइप आधी बंद करू. तो ओढा पवनेलाच जातो. तिथे जे मासे अजून तग धरून आहेत, ते आजोबांच्या वेळचे आहेत.