नमस्काराचे मोल

आल्यागेल्याला समाज कोणत्या शब्दाने सामोरा जातो, त्यातून त्याची जीवनदृष्टी प्रकट होते. ‘नमस्ते’ म्हणजे ‘तुला वंदन’. तमिळ ‘वणक्कम’मध्येही नमण्याचाच भाव आहे. मेघालयातील खासी बांधवांचा ‘खुब्लेई’ ईश्वराचा आशीर्वाद मागतो. थायलंडचा ‘सवत्दी’ संस्कृत ‘स्वस्ति’शी नाते सांगतो. पंढरीच्या वाटेवर तर ‘राम कृष्ण हरी’ म्हणत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तेथे वय, जात, प्रतिष्ठा आडवी येत नाही.

असा शब्द लोपला तर काय हरपते, हे न्यूझीलंडच्या माओरी समाजाने अनुभवले आहे. ‘किया ओरा’ हे त्यांचे अभिवादन. निरामय असा, हा त्याचा आशय. 1984 साली ऑकलंडमधील टेलिफोन ऑपरेटर नैदा ग्लॅविश दूरध्वनीवर ‘किया ओरा’ म्हणत. वरिष्ठांनी त्यांना मज्जाव केला. त्यांनी आज्ञा मानली नाही, तेव्हा नोकरीवरच गदा येण्याची वेळ आली. प्रकरण देशभर गाजले, लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि अखेर बंदी मागे घ्यावी लागली. 1987 मध्ये माओरी भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. त्यामागे अनेकांचे दीर्घ प्रयत्न होते. 1982 पासून चिमुकल्यांसाठी चालविलेली ‘कोहंगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, ही त्यातलीच. आज गौरवर्णीय नागरिकही सहजपणे ‘किया ओरा’ म्हणतात.

या घटनेतील बोध स्पष्ट आहे. त्या ऑपरेटरने कोणाच्या भाषेचा द्वेष केला नाही; केवळ स्वतःच्या शब्दाची लाज बाळगली नाही. मराठीला 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, हे भूषणावहच. परंतु दर्जा शासन देते, शब्द जगवावा लागतो तो घराच्या उंबरठ्यावर. मराठी सुशिक्षितांच्या घरी मात्र पाहुण्याला ‘हाय’ आणि निरोपाला ‘बाय’ रूढ होत चालले आहे. त्यासाठी कोणी सक्ती केलेली नाही, कोणाच्या नोकरीवर गदा आलेली नाही. जे तेथे हुकमाने घडत होते, ते येथे आपखुशीने घडत आहे, हे अधिक चिंताजनक.

मुले उपदेशाने नव्हे, अनुकरणाने शिकतात. दार उघडताना आईवडिलांचे हात जुळले, तर शेजारी उभ्या असलेल्या बालकाचेही जुळतील. ‘या, बसा’ आणि निरोप देताना ‘पुन्हा या’ हे साधे शब्द ज्या घरात नित्य कानी पडतात, तेथे मराठीच्या भवितव्याची चिंता करण्याचे कारण उरत नाही.