किल्ली कोणाची?

विश्रांतवाडीच्या नावातच विश्रांती आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्यात येते. आता या रस्त्याच्या आजूबाजूस, पार धानोरी-टिंगरेनगरपर्यंत, बहुमजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांतील कितीतरी सदनिका भाड्याने दिलेल्या असतात. नोकरदार, विद्यार्थी, बदलीवर आलेली कुटुंबे येतात, अकरा महिन्यांचा करार करतात आणि पुष्कळदा तो संपताच पुढे जातात. माणसे बदलतात, दाराचे कुलूप मात्र तेच राहते.

वरवर पाहता ही गोष्ट क्षुल्लक आहे. पण त्या कुलपाच्या किल्ल्या किती, हे कोणालाच ठाऊक नसते. रस्त्याकडेच्या चावीवाल्याकडे दुसरी किल्ली काही मिनिटांत तयार होते. आधीचा भाडेकरू, त्याचा खोलीतील सोबती, घर दाखवणारा दलाल, रंगारी आणि खुद्द मालक, यांपैकी कोणाकडेही ती असू शकते. आतली कडी माणूस घरात असतानाच उपयोगी पडते. दिवसभर कचेरीत असलेल्या कुटुंबाचे किंवा एकट्या राहणाऱ्या मुलीचे घर त्या किल्लीच्याच भरवशावर असते. तरीही नव्या भाडेकरूने कुलूप बदलण्याची गोष्ट काढली, की ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असा प्रतिप्रश्न येतो.

मालकाची धास्ती अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या काळात एकदा दिलेली जागा परत मिळणे दुरापास्त असे. पुढे त्या कायद्यातील दुरुस्तीने, 1 फेब्रुवारी 1973 रोजी लीव्ह अँड लायसन्स करारावर जागेत राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. निवृत्तीची पुंजी घालून सदनिका घेणाऱ्याने आपली किल्ली आपल्यापाशी ठेवावी, ही रीत अशा अनुभवांतून रुजली असल्यास नवल नाही.

तथापि, आता तो काळ राहिलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 24 प्रमाणे, राहण्यासाठी अशा करारावर दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि ठरलेल्या शुल्काच्या दुपटीने नुकसानभरपाई मिळू शकते. जागा परत मिळवण्याचे साधन कायद्यात असताना ते खिशातल्या किल्लीत शोधण्याचे कारण उरत नाही.

लायसन्स ही केवळ राहण्याची परवानगी असून तिने जागेत हक्क निर्माण होत नाही, असे यावर म्हटले जाईल. ते खरे आहे. परंतु त्याच अधिनियमाचे कलम 28 मालकास जागेची पाहणी करू देते ती वाजवी वेळी आणि पूर्वसूचना देऊनच. आणि ही सूचना भाडेकरूप्रमाणेच लायसन्सवर राहणाऱ्यासही द्यावयाची आहे. ज्याने सूचना देऊन यावयाचे, त्याला न सांगता दार उघडण्याची मुभा असू शकत नाही.

अर्थात, भाडेकरूनेही परस्पर कुलूप बदलणे योग्य नव्हे. दार मालकाचे आहे. तो परगावी असताना नळ फुटला किंवा विजेच्या तारा पेटल्या, तर आत कोण जाणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर तोडगा साधा आहे. बहुतेक लॅचमध्ये किल्ली फिरते तो सिलिंडर वेगळा असतो. काही स्क्रू काढून तेवढाच बदलता येतो. दार कापावे लागत नाही. नवा भाडेकरू येतेवेळी तो बदलावा. एक किल्ली दोघांच्या सह्यांच्या बंद लखोट्यात मालकापाशी राहावी. आणीबाणीतच, आणि भाडेकरूस कळवून, लखोटा उघडावा. जागा सोडताना सर्व किल्ल्या मोजून परत कराव्यात.

खर्च कोणाचा? केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा कुलपे बदलण्याचे काम भाडेकरूकडे देतो. पण तो राज्यांवर बंधनकारक नाही. शिवाय येथे कुलूप नव्या भाडेकरूने बिघडवलेले नसते. ते आधीच्या वहिवाटीमुळे असुरक्षित झालेले असते. तेव्हा हा खर्च मालकाने सोसणेच न्यायाचे.

कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. भिंतीला खिळे ठोकू नयेत, हे त्या करारात आवर्जून लिहिले जाते. मग किल्ल्यांसंबंधी दोन ओळी लिहिण्यास हरकत कसली? कुलूप बदलल्याने विश्वासास तडा जात नाही. दर महिन्यास भाडे मोजणाऱ्यास आपल्या दाराच्या किल्ल्या किती व कोणापाशी आहेत, एवढे तरी ठाऊक असावयास हवे.