कामापुरता मामा, ताकापुरती आजी

गेम बनवणाऱ्या मंडळींनो,

सप्रेम नमस्कार. 'सप्रेम' मुद्दाम लिहिलंय. प्रेम नसतं तर गेम काढून टाकून मोकळी झाले असते, पत्र लिहायला बसले नसते.

तुमच्या गेममध्ये बग असतात याबद्दल माझं काही म्हणणं नाही. एवढा अवाढव्य कोड माणसंच लिहितात, चुका राहणारच. मनाला लागलंय ते वेगळंच. बग सापडला की तुम्ही तुमच्या ऑफिसात काय करता, ते आता काही गुपित राहिलेलं नाही. एक कळ दाबून भिंतीतून आरपार जाता, हवं ते पात्र उचलून हवं तिथे ठेवता, अडलेली कथा पुढच्या टप्प्यावर ढकलता, मशीनचा वेळ कोण खातंय ते पडद्यावर आकड्यांत बघता. आणि गेम विकायला काढताना ही सगळी अवजारं कुलपात घालता. बग मात्र आमच्याबरोबर पाठवून देता.

एक गेम मी तो अजून कच्चा असतानाच पैसे मोजून घेतला. कोणाचा ते सांगत नाही. 'तुम्ही आमचे पहिले सोबती' असं स्वागत झालं. मीही सोबत निभावली. कुठे उभी होते, काय दाबलं, मग काय झालं, हे स्क्रीनशॉटसकट लिहून पाठवत राहिले. हे काम तुमच्याकडे माणसं पगार घेऊन करतात. पुढे कथेतला नावाडी धक्क्याच्या फळ्यांत कमरेपर्यंत रुतला. वल्ही हलताहेत, तोंड हलतंय, पण जवळ गेलं तर संवाद काही उघडत नाही. त्याच्याशिवाय नदी ओलांडता येत नाही, आणि उरलेला अर्धा गेम नदीपलीकडे. ऑटोसेव्हने तर जुन्या सेव्हवर तोच रुतलेला नावाडी गिरवून ठेवला होता. सपोर्टला कळवलं. उत्तर आलं, गेम काढून पुन्हा टाका. टाकला. मग म्हणाले, लॉग फाइल पाठवा. पाठवण्याआधी उघडून पाहिली तर आत नुसतं गिचमिड. माझ्या मशीनवर, माझ्या खेळाबद्दल लिहिलेलं, आणि मलाच वाचायची मुभा नाही! शेवटी 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं लिहून तक्रार बंद केली गेली. त्या नावाड्याला दोन हात वर उचलायचं होतं हो, एवढंच.

२०११ च्या स्कायरिममध्येही बगांचा सुकाळच आहे. पण पीसीवर एस्केपच्या खालची कळ दाबली की कमांड लिहायची पट्टी उघडते. टीसीएल लिहिलं की भिंती अडवत नाहीत, सेटस्टेज लिहून अडलेली मोहीम पुढे सरकवता येते. लोक त्या बगांवर चिडतात, हसतात आणि पुन्हा खेळायला बसतात. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वाल्यांना मात्र ही पट्टी मिळाली नाही. बग त्यांच्याही वाट्याला आले, पैसे त्यांनीही मोजले.

'चीटिंग होईल' हे तुमचं ठरलेलं उत्तर. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमपुरतं ते मला पूर्ण मान्य आहे. भिंतीपलीकडचा शत्रू एकालाच दिसायला लागला तर बाकीच्यांचा खेळ नासतो, तिथे दार बंदच ठेवा. पण मी रात्री जेवणखाण आटोपल्यावर एकटीने खेळते. तिथे फसवणार कोणाला, नावाड्याला? आणि ऑनलाइन चीट विकणारे काही तुमच्या परवानगीसाठी थांबत नाहीत, ते थेट मेमरी वाचतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! फॅक्टोरिओमध्ये कमांड लिहिली की गेम बजावतो, असं केलंत तर या सेव्हमध्ये अचिव्हमेंट मिळणार नाहीत, तरी हवं असेल तर पुन्हा लिहा. बस्स. जाणत्या माणसाशी बोलावं तसं बोलतो.

'खेळाडूंना यातलं काय कळतं' हे तुम्ही तोंडाने म्हणत नाही, पण वागण्यातून कळतं. जीटीए ऑनलाइन २०१३ पासून सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की लोक चहा करून यायचे. २०२१ मध्ये एका खेळाडूने सोर्स कोड हातात नसताना तो चालता प्रोग्रॅम उसवून पाहिला. विकाऊ वस्तूंची सुमारे १० एमबीची एक यादी गेम वाचत होता, आणि प्रत्येक तुकडा वाचताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी नव्याने मोजत होता. वर प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सगळ्या वस्तूंशी ताडून पाहत होता, तेही एकेक करून. यादीत वस्तू होत्या सुमारे ६३ हजार. त्याने स्वतःच पॅच लिहिला आणि त्याच्या मशीनवर सहा मिनिटांची दोनपेक्षा कमी झाली. रॉकस्टारने ते मान्य केलं, दुरुस्ती सर्वांना दिली आणि त्याला १० हजार डॉलर दिले. मन मोठं केलं त्यांनी. पण अवजारं उघडी असती तर हे निदान इतकी वर्षं रखडलं असतं का?

माझी भाची कोल्हापुरात माइनक्राफ्ट खेळते. एफ-थ्री दाबलं की डाव्या बाजूला आकड्यांची रांग उभी राहते. तिच्या वर्गात निर्देशक भूमिती अजून यायची आहे, पण वायचा आकडा चांगला उणे होईपर्यंत खाली खणायचं, हिरे तिथे जास्त, हे ती मलाच शिकवते. तिच्या खेळातली मजा काही त्या रांगेने पळवलेली नाही.

आणि तुमचाच इतिहास आठवा की. १९८६ मध्ये कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो ग्रॅडियस घरच्या मशीनसाठी बेतत होते. तपासताना गेम त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी वर-वर-खाली-खाली अशी कळांची एक क्रमवारी घातली, आणि ती काढायची राहून गेली. तीच पुढे कॉन्ट्रामध्ये आली. मे महिन्याच्या सुट्टीत टीव्हीसमोर फतकल मारून तिच्या जोरावर आम्ही तीस जीव मिळवायचो. ज्या चीट कोडच्या आठवणीने तुम्ही आज टी-शर्ट छापता, ते मुळात बग शोधायचं अवजार होतं.

मागणं फार नाही. एकट्याने खेळायच्या गेममध्ये कमांड लिहायची ती पट्टी उघडी ठेवा. लॉग माणसाला वाचता येईल असा लिहा. आणि ज्या गेमला पॅच देणं थांबवणार असाल, त्याची अवजारं तरी जाताना ठेवून जा. आयडी सॉफ्टवेअरने १९९३ च्या डूमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला केला. डूम आजही नव्याकोऱ्या मशीनवर चालतो, तो हा कोड हाती घेतलेल्या बाहेरच्या लोकांमुळेच.

तुमच्यातल्याच एकांच्या नव्या गेमच्या बीटा चाचणीचं आमंत्रण परवा आलंय. त्यात मला 'परिवारातली' म्हटलंय, आणि बग कळवायचा सात पानी फॉर्म सोबत जोडलाय. त्याच फॉर्ममध्ये, खेळाडूसाठी कोणती कळ उघडी राहणार, तेवढं एका ओळीत लिहून पाठवा. तोवर मी फॉर्म भरत नाही.

कळावे,
तुमची एक खेळाडू