तालमीत न जाणारे पैलवान

"कॉन्टेस्ट म्हणजे नुसता आकड्यांचा बाजार हो, त्यात रेडिओ कुठाय?"

हॅम रेडिओवाल्यांच्या गप्पांत हे वाक्य एकदा तरी येतंच. बोलणारे बहुधा ज्येष्ठ असतात. त्यांच्या कार्डावर कॉलसाइनखाली 'आपत्कालीन संपर्क' असं ठळक छापलेलं असतं, आणि कॉन्टेस्टच्या वीकेंडला त्यांचा सेट हमखास बंद असतो. आज या मंडळींशी जरा भांडायचंय.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स काढायचं आणि घरातल्या वायरलेस सेटवरून जगभर बोलायचं. मधे टॉवर नाही, इंटरनेट नाही. कॉन्टेस्ट म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायचा. सगळ्यात मोठी 'सीक्यू वर्ल्ड वाइड', १९४८ पासून चालू आहे. बोलण्याची ऑक्टोबरच्या शेवटच्या वीकेंडला, मोर्सची नोव्हेंबरच्या. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला खलास. ४८ तास. आणि मग नऊ वाजता ऑफिस, ते वेगळंच.

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

आक्षेप पहिला: सगळे एकमेकांना 'फाइव्ह नाइन' म्हणजे उत्तम सिग्नलचा रिपोर्ट देतात आणि लगेच "कॉलसाइन परत सांगा" म्हणतात. हे खोटं नाही का? आहे. शंभर टक्के मान्य. पण रिपोर्टच्या पुढे जे येतं ते खोटं नसतं. सीक्यू वर्ल्ड वाइडमधे पुढे झोनचा नंबर येतो (जगाचे ४० झोन, आपलं कोल्हापूर २२ मधे). डब्ल्यूपीएक्समधे चढत जाणारा अनुक्रमांक येतो. जपानी संस्थेच्या ऑल एशियन कॉन्टेस्टमधे तर चक्क ऑपरेटरचं वय सांगावं लागतं! समोरचा कितवा नंबर सांगणार किंवा किती वर्षांचा निघणार हे अंदाजाने लिहिता येत नाही. कान देऊन ऐकावंच लागतं.

आक्षेप दुसरा: हे लोक गप्पा मारत नाहीत, कॉलसाइन घेतात आणि तोडून टाकतात. अहो, मैदानात शड्डू ठोकलेल्या पैलवानाला "घरचे कसे आहेत" असं कोण विचारतं? गप्पांना बाकीचे दिवस आहेतच. त्यात सीक्यू वर्ल्ड वाइडमधे आपल्याच देशातल्या स्टेशनला गुण शून्य, आशियातल्या दुसऱ्या देशाला एक, दुसऱ्या खंडाला तीन. तेव्हा सांगलीच्या मित्राने तुम्हाला दहा सेकंदांत उरकलं तर तो माजलेला नाही, त्याच्या रांगेत युरोप उभा आहे.

आक्षेप तिसरा: वीकेंडला बँडवर पाय ठेवायला जागा नसते. मग ३०, १७ आणि १२ मीटर मोकळे असतात की! या बँडवर कॉन्टेस्ट घ्यायच्या नाहीत असा संकेत जगभर पाळला जातो. जा तिकडे.

आक्षेप चौथा: हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. शंभर वॉटपर्यंतच्या स्टेशनांचा गट वेगळा असतो, पाच वॉटवाल्यांचा त्याहून वेगळा. वीस मीटर बँडचा साधा डायपोल म्हणजे गच्चीवर ताणलेली दहा मीटर वायर. गल्लीतल्या मांडवाला याहून जास्त वायर लागते.

हे झालं किरकोळ. माझं खरं भांडण वेगळंच आहे.

आपण हॅम लोक सरकारला, पेपरवाल्यांना, घरच्यांनाही सतत एक गोष्ट ऐकवतो: संकटात सगळं बंद पडतं तेव्हा आम्हीच उपयोगी पडतो. छान. पण ती तयारी तुम्ही करता कधी? रविवारी सकाळी त्याच चार मित्रांना "आवाज स्वच्छ येतोय, चहा झाला का" विचारून? आपत्तीत एका वेळी एकच माणूस बोलत नाही. दहा-बारा स्टेशनं एकदम ओरडतात, निम्मी खरखरीत बुडालेली असतात, आणि त्यातून एकाचं अर्धवट नाव पकडून त्याला आधी बोलवायचं असतं, बाकीच्यांना शांत ठेवायचं असतं, आणि आकडा न चुकता लिहायचा असतो. कॉन्टेस्टमधे हेच तासन्‌तास चालतं. वर परीक्षक असतो. कॉन्टेस्ट संपल्यावर पाच दिवसांत लॉग पाठवायचा, मग दोन्ही बाजूंचे लॉग कॉम्प्युटर ताडून पाहतो. कॉलसाइनचं एक अक्षर चुकलं की तो संपर्क बाद, शिवाय दंड. इतकं कडक मोजमाप आपल्या छंदात दुसरीकडे कुठेच होत नाही.

उदाहरण हवंय? डिसेंबर २००४. भारती प्रसाद यांचं पथक अंदमानात व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनने हवेत होतं. ती कॉन्टेस्ट नव्हती, पण काम त्याच जातीचं: दुर्मिळ ठिकाणाहून जगभरातल्या गर्दीला एकेक करून उत्तर देणं. याच मंडळींच्या भाषेत, आकड्यांचा बाजार. २६ तारखेला त्सुनामी आली. त्याच पथकाने तेच सेट मदतकार्याला लावले आणि पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीपर्यंत निरोप पोचवले. 'बाजार' मांडलेला होता म्हणूनच सेट तिथे होते, अँटेना उभ्या होत्या आणि ऑपरेटरचे कान तयार होते.

आता आपल्या गावाकडे या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मधे पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद. जुलै २०२१ मधे पुन्हा तेच. वीज गेली की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या किती पुरणार? पुढचा पूर विचारून येणार नाहीये. त्या दिवशी चिखलीकडून आलेल्या निरोपातला '१५ माणसं' हा आकडा '५०' असा लिहिला गेला तर बोटी चुकीच्या ठिकाणी जातील. तिथे दंड म्हणून गुण कापले जाणार नाहीत, माणसं छतावर बसून राहतील.

अमेरिकेत १९३३ पासून दर जूनमधे 'फील्ड डे' होतो. सेट उचलून माळावर न्यायचे, २४ तास चालवायचे, बॅटरीवर चालवले तर गुण जास्त. जून! म्हणजे आपल्याकडे पुराच्या बरोबर आधीचा महिना. कोल्हापूर-सांगलीच्या हॅमनी हे दरवर्षी करायला काय हरकत आहे? पन्हाळ्यावर एक स्टेशन, शिरोळकडे एक, गावात दोन-तीन. गुण मोजा, लॉग तपासा, चुका जाहीर करा. हरलेल्याने मिसळ द्यायची.

शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं ते फेटे मिरवायला नव्हे, कुस्त्या लावायला. तालमीत घाम न गाळता 'पैलवान' म्हणवून घेणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. तेव्हा ज्येष्ठांनो, कॉन्टेस्ट आवडत नसेल तर बिलकुल करू नका. फक्त मग कार्डावरचा तो 'आपत्कालीन संपर्क' तेवढा खोडा.